आजी तुला खुळी म्हणाली त्याविषयी

प्रिय सई,

रविवारी आजीशी व्हिडिओ कॉलवर बोलताना तू स्वेटर उलटा घातला होतास आणि त्याची आतली पट्टी तुझ्या हनुवटीखाली स्पष्ट दिसत होती. ते पाहून आजी "खुळी कुठली!" म्हणाली. फोन बंद झाल्यावर तू मला विचारलेस, "आजीला मी मठ्ठ वाटते का? आमच्या शाळेत असं कुणालाही म्हणू देत नाहीत." तुझा तो प्रश्न मला लागला, म्हणून जरा सविस्तर लिहितो आहे.

सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरी प्रत्येक धांदलीला वेगळे नाव होते आणि कोणते नाव केव्हा द्यायचे, याविषयी कुणाचे दुमत नसे. वस्तू ठेवून विसरणारा तो वेंधळा, घाईघाईत सांडलवंड करणारा धांदरट, शर्टाची बटणे वरखाली लावून बाहेर पडणारा गबाळा आणि चार माणसांत आ वासून उभा राहणारा बावळट. बापूआजोबा दर पावसाळ्यात एक छत्री कुठे तरी ठेवून येत, म्हणून आजी त्यांना पाहुण्यांसमोरही 'मुलखाचे विसरभोळे' म्हणत असे आणि तेही मान हलवून ते मान्य करत. 'खुळा' या शब्दाला मात्र काही चुकावेच लागत असे, असे नाही. तापातून उठल्यावर मी भूक लागली म्हणून सांगितले, तेव्हाही आजी "खुळं रे माझं ते!" म्हणाली होती आणि लगेच मऊ भात टाकायला उठली होती.

एका श्रावणातली गोष्ट आहे. नलूआत्याला आणि मला किटली देऊन दूध आणायला पाठवले होते. कृष्णेला पाणी आले होते आणि पाणी पाहायला सगळे गाव घाटाकडे निघाले होते, तेव्हा आम्हीही त्या गर्दीबरोबर गेलो. आयर्विन पुलापाशी पाणी 40 फुटांवर गेले की इशारा आणि 45 फुटांवर गेले की धोका, हे सांगलीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. त्यामुळे भिजून घरी परतलो तेव्हा पाणी किती फुटांवर आहे, किती पायऱ्या बुडाल्या, हे सारे आम्ही धापा टाकत सांगितले. आजीने किटलीचे झाकण उघडून आत पाहिले. "दोघंही वेंधळी! दूध आणायला धाडलं होतं की पाणी मोजायला?" असे म्हणतच तिने पदराने आधी आत्याचे आणि मग माझे डोके पुसले, आणि आम्हाला कोरा चहा दिला.

आत्या मात्र त्या दिवशी रुसली. तेव्हा बापूआजोबांनी तिला जवळ घेऊन 1843 साली आपल्याच सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले त्याची हकिकत सांगितली. भाव्यांच्या नाटकांत देवादिकांच्या आधी, सूत्रधाराच्या पाठोपाठ विदूषक रंगमंचावर येत असे. तेव्हा ज्याच्यावाचून खेळच सुरू होत नाही त्याला कमी कसे लेखायचे, असे त्यांचे म्हणणे होते. आत्याला ते कितपत पटले कोण जाणे, पण ती जेवायला उठली.

हे लिहितानाच मला वर्गातला एक मुलगाही आठवतो. त्याला सगळे 'ठोंब्या' म्हणत, गुरुजीसुद्धा. तो हसत असे, पण मधल्या सुट्टीत एकटाच बसत असे. 'ठोंब्या' हा शब्द काही आजीच्या शब्दांहून वाईट नव्हता. फरक एवढाच की आम्हाला वेंधळे म्हणणारी माणसे आमची ओली डोकी पुसत होती आणि त्याला ते नाव देणाऱ्यांपैकी कुणीही त्याचे गणित सोडवून देत नव्हते. म्हणून तुमच्या शाळेचा नियम मला चुकीचा वाटत नाही. तीस मुलांच्या वर्गात कोण कुणाचे डोके पुसणार आहे, हे आधी सांगता येत नाही. आणि हजारो मैलांवरून, फोनच्या पडद्यातून आजीला तुझे केस पुसता येत नाहीत, हाही या प्रश्नाचाच एक भाग आहे, असे मला आता वाटू लागले आहे.

तू हे शब्द शिकावेस किंवा ते तुला आवडावेत, असा माझा आग्रह नाही. खुपले असेल तर आजीलाच सांग. तुझ्या वतीने मी बोललो तर तिला ती माझी तक्रार वाटेल आणि तू बोललीस तर ती ऐकून घेईल. तिच्या सासूबाई तिला काय म्हणत असत, तेही विचार, कारण ती यादी मोठी आहे आणि ती फार आवडीने सांगते. फक्त 'दीडशहाणी' हा शब्द तिच्या तोंडून आला तर मला जरूर कळव. आमच्या घरात तो शब्द खरोखर राग आल्याशिवाय कुणी वापरत नसे, आणि तसे झाले तर मी स्वतः आजीशी बोलेन.

तुझा,
बाबा