डेंग्यू एकदा होऊन गेल्यावर दुसऱ्यांदा तो सौम्य असतो का?

दोन वर्षांपूर्वी डेंग्यू होऊन गेल्यामुळे प्रतिकारशक्ती तयार झाली असेल, तर यंदा तो झालाच तरी सौम्य असेल ना, असे तुम्ही विचारले आहे. गोवराच्या बाबतीत हा तर्क चालला असता. डेंग्यूच्या बाबतीत तो उलटू शकतो. मी नाशिकला सिडकोतील एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो आणि पाऊस ओसरू लागला की रक्त देता देता हा प्रश्न मला हमखास विचारला जातो.

विषाणू पेशीत शिरला की ती पेशी इंटरफेरॉन नावाची प्रथिने सोडून शेजारच्या पेशींना सावध करते. ताप आणि अंग मोडून येणे हे बरेचसे या झटापटीचेच परिणाम असतात. त्या विषाणूला नेमकी ओळखणारी प्रतिपिंडे तयार व्हायला मात्र चार-पाच दिवस जातात. म्हणूनच तापाच्या दुसऱ्या दिवशी आलेल्या रुग्णाच्या डेंग्यू तपासणीच्या किटवर एनएस-१ची गुलाबी रेघ उमटते, कारण ते विषाणूचेच प्रथिन आहे, पण आयजीएमची, म्हणजे संसर्गात आधी तयार होणाऱ्या प्रतिपिंडांची, जागा सहसा कोरी राहते. तापाच्या सुरुवातीलाच आयजीजीची, म्हणजे दीर्घकाळ टिकणाऱ्या प्रतिपिंडांची, रेघ ठळक उमटली, तर डेंग्यू पूर्वी होऊन गेला असावा, अशी शंका येते.

अडचण अशी की डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराचा संसर्ग झाला की त्या प्रकारापासून दीर्घकाळ, बहुधा आयुष्यभर, संरक्षण मिळते. उरलेल्या तिघांपासून मात्र ते काही महिनेच टिकते. पुढे दुसरा प्रकार शरीरात आला की जुनी प्रतिपिंडे त्याला चिकटतात, पण निष्प्रभ करू शकत नाहीत, आणि प्रतिपिंड चिकटलेली वस्तू गिळणे हेच ज्यांचे काम, त्या मॅक्रोफेज पेशी विषाणूला आपणहून आत घेतात, जिथे तो मरण्याऐवजी वाढतो. घराची किल्ली चोराच्या हाती देण्यासारखाच हा प्रकार. क्युबात १९७७ मध्ये पहिल्या प्रकाराची साथ आली आणि १९८१ मध्ये दुसऱ्या प्रकाराची. या दुसऱ्या साथीतील गंभीर रुग्णांत आधी पहिला प्रकार होऊन गेलेलेच बहुसंख्य होते.

याचा अर्थ दुसरा डेंग्यू गंभीरच होतो असा नाही. बहुतेक जण बरे होतात. पण ताप उतरू लागतो त्याच सुमारास रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरण्याचा धोका असतो, आणि नेमके तेव्हाच लोक निर्धास्त होतात. सगळ्यांचे लक्ष प्लेटलेटच्या आकड्यावर असते. माझ्या मते हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचा वाटा, जो द्रव पाझरला की वाढतो) वाढतो आहे का, हेही तितक्याच काळजीने पाहायला हवे. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा कमालीची मरगळ जाणवली, तर पुढच्या रिपोर्टची वाट न पाहता रुग्णालय गाठा. आणि ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. डॉक्टरांकडे जाताना दोन वर्षांपूर्वीचा डेंग्यूचा रिपोर्ट सोबत ठेवा.