‘टेम्प’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : आमच्या कार्यालयातील इंग्रजी पत्रांत थोड्या दिवसांसाठी नेमलेल्या व्यक्तींना ‘टेम्प’ म्हटलेले असते. सूचनाफलकासाठी मराठी करताना मी सर्वत्र ‘हंगामी कर्मचारी’ लिहितो. परंतु एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी त्यास हरकत घेतली. योग्य शब्द कोणता? ‘टेम्प’ असेच लिहिले तर चालेल का?

उत्तर : आपल्या सहकाऱ्यांची हरकत रास्त आहे. ‘हंगाम’ हा फारसी शब्द मुळात ‘वेळ’ या अर्थाचा असला, तरी मराठीत तो पिकाच्या आणि कामाच्या मोसमाशी घट्ट जोडला गेला. साखर कारखान्यात गाळप सुरू होताच कामावर येणारा आणि गाळप संपताच घरी जाणारा कामगार हंगामी असतो. पण पुढच्या गाळपाला तोच परत येतो, आणि म्हणूनच तेथे ‘हंगामी कायम’ असाही एक वर्ग असतो. ज्याचे काम संपले की संबंधच संपतो, त्याला हा शब्द लावणे दिशाभूल करणारे ठरते. अपवाद ‘हंगामी अध्यक्ष’ या पदाचा. विधानसभेतील या पदाच्या ‘प्रो टेम’ या नावात ‘टेम्पररी’च्याच मुळाशी असलेला, काळ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे, आणि तेथे ‘हंगाम’ही आपल्या मूळ अर्थाने उभा आहे.

इंग्रजीत ‘टेम्प’ हे नाम आहे आणि क्रियापदही. मात्र ते माणसाच्या नोकरीपुरते. तात्पुरत्या पुलाला किंवा परवान्याला औपचारिक इंग्रजीत ‘टेम्प’ म्हणत नाहीत.

मराठीत या सर्वांना सामावून घेणारा शब्द ‘तात्पुरता’ हाच होय. सूचनाफलकावर ‘तात्पुरते कर्मचारी’ लिहावे. ‘अस्थायी’ हा शासकीय आदेशांत रुळलेला पर्याय आहे. मात्र नेमणुकीचे स्वरूप ठाऊक असेल तर नेमका शब्दच वापरावा, असे मी आग्रहाने सांगेन. दिवसाच्या मजुरीवर असलेला तो रोजंदारीवरचा; कंत्राटदारामार्फत आलेला तो कंत्राटी; आणि रजेवर गेलेल्याच्या जागी आलेला तो बदली. पगार कोणाकडे मागायचा हे या शब्दांवरून कळते, म्हणून येथे ढिलाई नको. यांपैकी ‘बदली’ तर मुंबईच्या गिरण्यांत इतका रुजलेला होता की, 2025पर्यंत लागू असलेल्या 1947च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या इंग्रजी पाठातही तो जसाच्या तसा होता. हजेरीपटावर नाव असलेल्या दुसऱ्या कामगाराच्या जागी नेमलेला, अशी त्याची तेथे व्याख्या असून, एक वर्ष सलग सेवा झाल्यावर त्याला बदली मानता येत नाही, असेही तो कायदा सांगत असे. लिहिताना ‘बदली शिक्षक’ आणि ‘शिक्षकाची बदली’ यांतील फरक तेवढा सांभाळावा.

राहिला ‘टेम्प’ तसाच ठेवण्याचा प्रश्न. आपल्या बोलण्यात माणूस ‘टेम्पररी लागतो’ आणि पुढे ‘परमनंट होतो’; ही जोडी मराठीने अख्खी घेतली, तिचे तुकडे केले नाहीत. शिवाय ‘टेम्प’ हे तापमानाच्या इंग्रजी शब्दाचेही लघुरूप असल्याने, नुसते वाचून अर्थ लागेलच असे नाही. संगणकातील ‘टेम्प फोल्डर’ मात्र तसाच लिहावा, कारण पडद्यावर वाचकाला तेच नाव शोधायचे असते.