दिव्यांग मुलांचा निधी ठरवताना पालकांना विचारावे का?

ग्रामपंचायतीने दिव्यांग निधीचा खर्च पालकांना न विचारता ठरवला तर काय करावे, असा आपला प्रश्न आहे. स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करणे ग्रामपंचायतीवर बंधनकारक असून, तो विषय ग्रामसभेपुढे घेण्याची मागणी पालकांनी लेखी अर्जाने करावी व अर्जाची पोच घ्यावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४८ मधील सामाजिक अंकेक्षणाचा, म्हणजे योजना दिव्यांगांच्या गरजा भागवतात का याच्या तपासणीचा, आधारही त्यात द्यावा.

माझ्या मते खरी अडचण सभेच्या वेळेची आहे. बीडकडचे कितीतरी पालक दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात, त्यामुळे हिवाळ्यात घेतलेली सभा त्यांच्या दृष्टीने झालीच नाही असे समजावे. आमच्या गावी न विचारता आणलेली, बारीक चाकांची खुर्ची पहिल्याच पावसात काळ्या मातीत रुतली. त्या मुलाची आई त्याला अजून कडेवरच शाळेत नेते. तिला विचारले असते तर तिने जाड टायर सांगितले असते.

संजय गांधी निराधार योजनेचे मासिक अनुदान मात्र वेगळे; त्याचा अर्ज तहसील कार्यालयाकडे जातो.