एमआरएसए (मेथिसिलिन या औषधाला दाद न देणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस) जंतूवर पेनिसिलिन गटातली औषधं का चालत नाहीत? तो औषध तोडून टाकतो म्हणून का?

नाही, इथे मुख्य भानगड वेगळी आहे. औषध तोडणारं एन्झाइम स्टॅफिलोकोकसकडे आधीपासून होतंच. त्याला पुरून उरावं म्हणून तर १९५९ मध्ये पेनिसिलिन गटातलंच मेथिसिलिन आलं. आणि १९६१ मध्ये ब्रिटनमध्ये त्यालाही न जुमानणारे जंतू सापडले! जेमतेम दोन वर्षं.

जंतूची पेशीभित्तिका म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या, आडव्या टाक्यांनी एकमेकींना जोडलेल्या. हे टाके घालणारी एन्झाइम्स म्हणजे पीबीपी (पेनिसिलिन-बाइंडिंग प्रोटीन, पेनिसिलिन ज्यांना चिकटतं ती प्रथिनं). टाक्याच्या जागी डी-अ‍ॅलनिन या अमिनो आम्लाचे दोन रेणू असतात आणि पेनिसिलिनचा रेणू हुबेहूब त्यांच्यासारखा दिसतो. एन्झाइम फसतं, त्याला धरतं आणि तिथेच अडकून पडतं. टाके थांबले की भिंत कमकुवत होते, आतल्या दाबाने पेशी फुटते.

एमआरएसएकडे मेकए नावाचं उपरं जनुक असतं. त्यातून पीबीपी२ए हे जादा एन्झाइम बनतं. त्याची काम करायची खाच इतकी झाकलेली असते की औषध नेहमीच्या मात्रेत तिथे नीट चिकटतच नाही. बाकीची एन्झाइम्स जायबंदी झाली तरी हे टाके घालत राहतं. गंमत म्हणजे साखळी लांबवणं याला जमत नाही, ते काम जंतूच्या मूळच्या पीबीपी२ या एन्झाइमचाच औषधापासून बचावलेला भाग करतो.

सेफ्टारोलिन हे औषध मात्र पीबीपी२ए ला दुसऱ्याच ठिकाणी चिकटतं. त्याने खाच उघडते, मग दुसरा रेणू आत शिरतो.