पॉकेट ५ मिमी, पण एक्स-रेत हाड शाबूत

प्रश्न : पेशंटच्या खालच्या पुढच्या दातांशी प्रोब (खुणांची बारीक सळई) दात आणि हिरडीमधल्या खाचेत, म्हणजे पॉकेटमध्ये, ५ मिमी आत जातो, पण एक्स-रेत हाड ठीक दिसतं. निदान जिंजिव्हायटिस (नुसती हिरडीची सूज) लिहायचं की पेरिओडॉन्टायटिस (दाताचा आधारही सुटत चाललेला)? (बीडीएस, तिसरं वर्ष)

उत्तर : नुसत्या खोलीवरून काहीच लिहू नका. खोली हिरडीच्या कडेपासून मोजतात आणि ही कड जागा सोडते : सुजली की दातावर चढते, आक्रसली की मुळाकडे उतरते. हलत नाही तो सीईजे, म्हणजे इनॅमल संपून सिमेंटम (मुळावरचं आवरण) सुरू होतं ती रेघ. दाताला हाडाशी धरून ठेवणारे तंतू तिच्याखालच्या सिमेंटममध्ये रुतलेले असतात, म्हणून हानी तिथून मोजायची.

तुमच्या पेशंटची कड सीईजेच्या ३ मिमी वर असेल, तर ५ वजा ३, म्हणजे २ मिमी अटॅचमेंट लॉस (या तंतूंचा आधार तेवढा सुटलेला). कड ५ मिमी वर असेल तर लॉस शून्य. तो खोटा पॉकेट. अशा वेळी फेनिटॉइन, अ‍ॅम्लोडिपीन, सायक्लोस्पोरिन यांपैकी हिरडी वाढवणारं औषध चालू आहे का, हे जरूर विचारा. याउलट हिरडी ३ मिमी उतरलेली आणि खोली २ मिमी असेल, तर लॉस ५ मिमी. ‘पॉकेट नाही’ म्हणून घरी पाठवला जातो तो नेमका हाच पेशंट, आणि त्याचीच काळजी जास्त वाटते.

आकडा चुकतो कुठे? कॅल्क्युलसवर (दातावर साचलेल्या कडक थरावर) प्रोब अडला की खोली कमी भरते. सुजलेल्या हिरडीत टोक जंक्शनल एपिथेलियम (खाचेच्या तळाशी हिरडी दाताला चिकटवणारा थर) भेदून पुढे जातं, मग जास्त भरते. दाब २० ते २५ ग्रॅमच हवा. लहान वजनकाट्यावर टोक टेकवून हाताला सवय लावा. विल्यम्स प्रोबवर ४ आणि ६ च्या खुणा नसतात, ३ नंतरची रेघ ५ ची. स्केलिंगनंतर (दातांवरचा कडक थर काढल्यावर) ४ ते ६ आठवड्यांनी पुन्हा मोजा.

हिरडीच्या रोगांच्या २०१७ च्या वर्गीकरणानुसार, एकमेकांना लागून नसलेल्या किमान दोन दातांच्या फटींकडच्या बाजूंना लॉस असेल, तर पेरिओडॉन्टायटिस. मात्र त्याचं कारण तडा गेलेलं मूळ किंवा दाताच्या मानेपर्यंत पोचलेली कीड नाही, हे आधी पाहा. एक्स-रेत सुरुवातीची हाडाची झीज दिसत नाही. त्याच्या भरवशावर रोग नाकारू नका.

प्रश्न : सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरडीतून प्रोब केल्यावरही रक्त आलं नाही. हिरडी निरोगी समजायची का?

उत्तर : नाही. धूम्रपानाने रक्तस्राव दबतो. प्रत्येक दाताच्या सहाही जागी लॉस मोजा, मगच ठरवा.