वास नको, वाट बंद करा

झुरळं पळवायला कापूर, लवंग, तमालपत्र सगळं मीही करून पाहिलंय. वास चार दिवसांत उडतो आणि झुरळं परत हजर! म्हणून सुरुवात पाण्यापासून करा. झुरळ उपाशीपोटी महिनाभर तग धरतं, पाण्याशिवाय मात्र साधारण आठवडाभरच. रात्री दिवा न लावता सिंकखाली टॉर्च मारून बघा. माझ्याकडे पाइपच्या जोडाला एकच थेंब लटकत होता आणि त्याच्याभोवती पाच-सहा जोड्या मिशा हलत होत्या. वॉशर बदलला, झोपण्याआधी सिंक कोरडं पुसायला लागलो, तेव्हा कुठे फरक पडला.

मुंग्या एकमेकींनी सोडलेल्या वासाच्या मागावर चालतात. ती रांग साबणाच्या पाण्याने किंवा व्हिनेगरने पुसा. पण आधी रांग कुठून निघते ते बघून ठेवा, नाहीतर बुजवायचं भोकच सापडत नाही. (ही चूक मी दोनदा केलीय.)

कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा नुसत्या ओतू नका, घासा. डासांची अंडी कडेला चिकटून राहतात. घरातला छोटा उंदीर 6 मिलिमीटरच्या फटीतूनही आत शिरतो. तिथे तारेची घासणी घट्ट कोंबा.