मोहाशी एकट्यानं लढू नका

तुमचा प्रश्न असा आहे: बाप्तिस्मा झालाय, रोज प्रार्थना होते, तरी रात्री एकटं असलं की मोबाइलवर नको ते पाहण्याचा मोह आवरत नाही. पाहून झालं की स्वतःची किळस येते आणि पुढचे तीन-चार दिवस देवासमोर बसायला तोंड राहत नाही. माझा विश्वास खोटा आहे का, आणि या मोहावर मात कशी करायची?

विश्वासाचं आधी बोलतो, कारण तेच तुम्हाला जास्त जाळत असणार. मोह होणं हे पाप नव्हे. इब्री लोकांस पत्र ४:१५ सांगतं की येशूची सर्व प्रकारे आपल्यासारखीच पारख झाली, म्हणजे त्यालाही मोह झाला, तरी तो निष्पाप राहिला. मोह होणं हेच पाप असतं तर हे वचन लिहिताच आलं नसतं. मत्तयाच्या शुभवर्तमानातला क्रमही बघा. तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी बाप्तिस्मा होतो आणि आकाशातून वाणी येते, 'हा माझा पुत्र, मला परमप्रिय आहे.' लगेच चौथ्या अध्यायात रान, चाळीस दिवसांचा उपास, आणि सैतानाचे पहिले शब्द: 'तू देवाचा पुत्र असलास तर...' धोंड्यांच्या भाकरी करायची गोष्ट त्यानंतर येते. आधी घाव नात्यावर बसतो. 'माझा विश्वास खोटा आहे का' या तुमच्या प्रश्नात मला तोच घाव दिसतो.

पाहून जे होतं ते मात्र पाप आहे. त्याला दुसरं नाव देऊन तुमचं भलं होणार नाही.

आता लढण्याबद्दल. माझा मोह वेगळा होता, ऑनलाइन सट्ट्याचा. तीन वर्षं घरात कुणाला पत्ता नव्हता. हरलो की शपथ घ्यायचो, उपास धरायचो, अ‍ॅप काढून टाकायचो आणि आठवड्याभरात पुन्हा घ्यायचो. प्रार्थना कमी पडत नव्हती, रडून रडून करायचो. पण ती सगळी 'मला वाचव, मला बळ दे' अशी. एका रविवारी उपासनेत सगळ्यांबरोबर प्रभूची प्रार्थना म्हणत होतो, लहानपणापासून पाठ असलेली. 'आम्हाला परीक्षेत आणू नकोस' या ओळीवर मी अडकलो. आम्हाला. त्या अख्ख्या प्रार्थनेत 'मला' हा शब्द एकदाही नाही. भाकर मागायची ती आम्हाला, क्षमा आम्हाला, सुटका आम्हाला. आणि मी तीन वर्षं ती लढाई सगळ्यांपासून लपवून एकटा लढत होतो.

घरी येऊन करिंथकरांस पहिले पत्र १०:१३ काढलं. देव विश्वसनीय आहे, तो तुमच्या शक्तीपलीकडे तुमची परीक्षा होऊ देणार नाही, निभावून जायची वाटही देईल, हे वचन मी स्वतःला शंभरदा ऐकवलं होतं. मराठीत 'तुम्ही' आदरार्थीही असतं, त्यामुळे आपण ते सहज एकट्याला उद्देशून वाचतो. मूळ ग्रीकमध्ये तिथे अनेकवचन आहे. पौलाचं पत्र मंडळीला आहे. ती वाट पुष्कळदा शेजारी बसलेल्या माणसातून जाते, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

गेथशेमाने बागेत स्वतः प्रभूनं काय केलं? पेत्र, याकोब आणि योहान यांना सोबत नेलं आणि 'माझ्याबरोबर जागे राहा' असं सांगितलं. ते झोपले, हा भाग वेगळा. पण त्यानं सोबत मागितली. आपण मात्र ती मागायला लाजतो.

याच्या उलट दावीद. २ शमुवेल ११ मध्ये सैन्य लढाईवर गेलंय आणि राजा यरुशलेमेत मागे राहिलाय. संध्याकाळी तो गच्चीवर फिरतोय, आणि त्याला अडवू शकेल असं आसपास कुणी नाही. दुसऱ्याची बायको बथशेबा नजरेस पडायच्या आधीच तो अर्धा हरला होता, असं मला वाटतं. योसेफाचं उदाहरण आपल्याकडे नेहमी देतात, मालक पोटीफराच्या बायकोच्या हातात वस्त्र सोडून पळाला म्हणून. पण उत्पत्ती ३९:१० कुणी फारसं वाचत नाही. ती रोज त्याच्या मागे लागायची आणि तो तिच्याजवळ राहायचंच टाळायचा. पळण्याची तयारी आधीपासून होती. शिवाय त्याला बक्षीस मिळालं ते तुरुंगाचं, तेव्हा मोह टाळला की सगळं लगेच सुरळीत होईल असं मनात धरू नका.

वचनं पाठ करावीत का? जरूर करा. रानात येशूनं दिलेली तिन्ही उत्तरं जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातली आहेत, सहाव्या आणि आठव्या अध्यायातली. पण वचन म्हटलं की सैतान पळतो, असं जे शिकवलं जातं ते मला पटत नाही. तिथे सैतानानंही ९१वं स्तोत्र म्हणून दाखवलं, आणि लूक ४:१३ प्रमाणे तो गेला तोही संधी मिळेपर्यंतच.

मी शेवटी मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या माणसाला सांगितलं. हात थरथरत होते. त्यांनी उपदेश केला नाही. एवढंच म्हणाले, 'पुन्हा वाटेल तेव्हा खेळायच्या आधी मला फोन कर, खेळून झाल्यावर नको.' नंतर बायकोला सांगितलं, ते त्याहून अवघड गेलं, आणि पैशांचा सगळा व्यवहार तिच्या हाती दिला. त्यानंतरही मी दोनदा घसरलो. पण लपवायला काही उरलं नव्हतं, त्यामुळे आधीसारखा महिनोन्‌महिने खाली जात राहिलो नाही.

तुम्हीही असं एक माणूस शोधा. पुरुष असाल तर पुरुष, स्त्री असाल तर स्त्री. ऐकून दचकणारं नको आणि 'चालतंय सगळं' म्हणणारंही नको. पोटात गोष्ट ठेवणारं हवं, यात तडजोड करू नका. पाळकांवर भरवसा असेल तर तेही चालतील. मोबाइल रात्री झोपायच्या खोलीबाहेर ठेवा, शक्यतो घरातल्या दुसऱ्या कुणाजवळ. हे सगळं करूनही सुटत नसेल तर समुपदेशकाकडे जा. त्यानं विश्वास कमी ठरत नाही.

राहिले ते तीन-चार दिवस. मला त्यांचीच जास्त काळजी वाटते. लूक २२:३१-३२ मध्ये प्रभू पेत्राला सांगतो की सैतानानं तुम्हाला गव्हासारखं चाळायला मागितलंय, पण तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. चाळणीत सगळे शिष्य, म्हणून 'तुम्हाला'. प्रार्थना मात्र 'तुझ्यासाठी', पेत्राला नावानं हाक मारून. आणि ती पेत्रानं 'मी येशूला ओळखत नाही' म्हणून त्याला नाकारायच्या आधीच होऊन गेली होती, कोंबडा नंतर आरवला. म्हणून किळस ओसरायची वाट पाहू नका. पडलात तर त्याच रात्री, त्याच अंथरुणावर उठून बसा. शब्द सुचत नसतील तर ५१वं स्तोत्र उघडा. बथशेबाच्या प्रकरणानंतर नाथान संदेष्टा दावीदाकडे आला तेव्हाचं ते आहे, असं त्याच्या शीर्षकातच दिलंय. मोठ्यानं वाचा. मग सकाळी त्या माणसाला फोन करा.